"मॅडम, डिप येत नाही": सोन्याच्या फिल्मवरच्या प्रकाशलहरींचं चित्र बिघडलं की काय तपासायचं

ऐरोलीतल्या आमच्या लॅबमध्ये जुलै लागला की आठवड्यातून दोनदा तरी हे वाक्य कानावर येतं: "मॅडम, डिप येत नाही." परवापर्यंत कॅमेऱ्यात काळीशार उमटणारी पट्टी, म्हणजेच डिप, आज करडी झालेली असते, नाहीतर पार गायब. एमएस्सीच्या प्रोजेक्टची मुलं घाबरतात आणि पहिला संशय घेतात तो काचेच्या स्लाइडवरच्या सोन्याच्या पातळ थरावर, म्हणजे फिल्मवर. स्लाइड काढा, नवी लावा. तीही तशीच, मग तिसरी. गेल्या वर्षी दोघींनी पाच स्लाइड्स अशाच बाजूला टाकल्या. दोष निघाला कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एका खुणेत. त्या पाचही स्लाइड्स आम्ही नंतर वर्षभर वापरल्या.

नऊ वर्षं मी हाच बिघाड काढतेय आणि त्यात फिल्मचा दोष फार क्वचित निघालाय. तरी हात पहिला तिच्याकडेच जातो, कारण डोळ्यांसमोर तीच असते. म्हणून खालच्या तपासण्या मी फुकटापासून खर्चिकापर्यंत लावल्या आहेत आणि फिल्म मुद्दाम मागे ठेवली आहे. क्रम मोडू नका.

मांडणी कोणती ते आधी सांगते. प्रिझमच्या सपाट तळाला तेलाचा थेंब लावून स्लाइड चिकटवलेली, तिच्या बाहेरच्या अंगाला सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर. हेलियम-निऑन लेझरचा लाल प्रकाश, ६३२.८ नॅनोमीटरचा, काचेच्या बाजूने तिरका येतो. एका ठरावीक कोनाला, पृष्ठावरून सरकणाऱ्या या प्रकाशलहरीची चाल सोन्याच्या इलेक्ट्रॉनांतल्या लहरीशी जुळते, आणि परत फिरायचा प्रकाश त्या लहरीत उतरतो. ही लहर म्हणजे सरफेस प्लाझ्मॉन. परतीच्या उजेडात तेवढ्याच कोनाला अंधार पडतो, त्याला आपण डिप म्हणतो. एर्विन क्रेचमन आणि हाइन्झ रेटर यांनी १९६८ साली ही मांडणी दिली. तिला कॅमेरा जोडून पृष्ठभागाचं चित्र काढायची पद्धत रोथेनहॉयस्लर आणि नोल यांनी १९८८ साली दाखवली. आपण तेच करतोय.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी वहीत लिहा. दोन असतील तर दोन्ही लिहा.

- कोन कितीही फिरवला तरी अंधार नाही, चित्र सगळीकडे सारखंच उजळ.
- डिप आहे, पण करडी. काळी होत नाही.
- डिप चांगली आहे, पण जागा सोडते. सकाळी एका कोनाला, दुपारी दुसऱ्या.
- एखादा ठिपका कुठल्याही कोनाला चमकतच राहतो.
- चित्रावर तवंगासारखी वलयं आणि रेषा.
- चित्र तासा-दोन तासांत हळूहळू खाली उतरतं.
- कडा एकाच दिशेला फराटल्यासारख्या दिसतात.

शेवटचं लक्षण बऱ्याचदा बिघाड नसतोच. त्याचं पुढे सांगते.

आधी कॅमेरा, मग पोलरायझर

सॉफ्टवेअर उघडा आणि ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन दोन्ही बंद करा. वर सांगितलेली खूण हीच. कारण साधं आहे. आपण कोन फिरवत डिपपाशी येतो, चित्र काळवंडू लागतं, आणि कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी पडला. तो एक्स्पोजर वाढवतो. आपण अंधार शोधतोय आणि तो मागोमाग उजेड भरतोय. डिपपासून लांब, जिथे प्रकाश पूर्ण परत येतो तिथे थांबा, सगळ्यात उजळ भाग २५५ पैकी २०० च्या आसपास येईल असं एक्स्पोजर हाताने ठरवा आणि कुलूप लावल्यासारखं सोडून द्या. गॅमा १ वर ठेवा, म्हणजे उजेड दुप्पट झाला की आकडाही दुप्पट होतो. उजळ भाग २५५ ला टेकलेला असेल तर तिथली माहिती कापली गेलीय.

त्याच बैठकीत लेझर झाकून एक चित्र घ्या. खोलीतली ट्यूबलाइट, कंप्युटरचा पडदा, दाराखालची फट यांतून येणारा उजेड किती आहे ते कळतं. लेझर झाकूनही कॅमेरा ३० दाखवत असेल, तर तुमची डिप ३० च्या खाली जाणारच कशी? करड्या डिपच्या निम्म्या तक्रारी आमच्याकडे इथेच संपतात.

पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी चकती, तपासायला दहा सेकंद लागतात. ९० अंश फिरवा. चित्रात काहीच फरक पडला नाही, तर तुम्ही बघताय ते प्लाझ्मॉन नव्हे. ही लहर फक्त पी-पोलरायझेशनने जागी होते, कारण तिला पृष्ठभागाला लंब असा विद्युतक्षेत्राचा घटक लागतो आणि एस-पोलरायझेशनमध्ये तो नसतोच. भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांना १९०२ साली धातूच्या ग्रेटिंगवर, म्हणजे बारीक समांतर रेघा कोरलेल्या पृष्ठावर, न उलगडणारे काळे पट्टे दिसले होते, आणि तेही ठरावीक पोलरायझेशनलाच. त्या कोड्याचा धागा पुढे याच लहरींपर्यंत आला. पोलरायझरच्या कड्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. कोणीतरी तो काढून परत बसवलेला असतो आणि शून्य भलतीकडे गेलेलं असतं. डिप सगळ्यात गडद होईल ती जागा शोधा आणि मार्करने खूण करा.

एस-पोलरायझेशनचं चित्र मात्र जपून ठेवा. पी-चित्राला त्याने भागलं की लेझरचा असमान उजेड, लेन्सवरची धूळ, प्रिझमवरचे ओरखडे बरेचसे निघून जातात. पुढची अर्धी डोकेदुखी यातून वाचते.

पांढऱ्या कार्डाची परीक्षा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे आणि तिला कॅमेरा लागत नाही. साधी १० सेंटिमीटर फोकल लेंग्थची लेन्स घ्या. लेझरचा किरण सेंटिमीटरभर रुंद करून लेन्समधून सोन्यावर एका बिंदूत आणा. परत येणारा प्रकाश शंकूसारखा पसरतो, तो पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्या. पत्रिकेच्या मागची कोरी बाजूही चालते. दिवे घालवा.

शंकूत एकाच वेळी अनेक कोन असतात. त्यांतल्या ज्या कोनाला लहर जागी होते, तेवढाच प्रकाश गायब होतो, आणि लाल गोलात एक काळी उभी रेघ उमटते. पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. कोन थोडा फिरवला की रेघ गोलात इकडून तिकडे सरकते, पोलरायझर फिरवला की पुसली जाते.

आता हळूच सोन्यावर श्वास सोडा, आरशावर सोडतो तसा. रेघ उडी मारते, वाकडीतिकडी होते आणि वाफ उडून गेली की जागेवर परत येते. सोन्याच्या पलीकडे हवेत या लहरीचा पसारा काही शे नॅनोमीटरच असतो, तरी पाण्याची पातळशी साय तिला कळते. रेघ अशी हलली, तर तुमची फिल्म जिवंत आहे. यापुढे स्लाइड बदलायचा विषय काढू नका, दोष कॅमेरा, कोन किंवा किरणाच्या मांडणीत शोधा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रेघ कार्डावरच बघायची. परतीच्या किरणाच्या रेषेत डोळा नेऊन "दिसतेय का" असं कोणीही बघू नये. पाच मिलिवॉटचा लेझरही डोळ्याला पुरतो.

कार्डावर रेघ सुरेख आणि कॅमेऱ्यात मात्र करडी, असं असेल तर किरण समांतर आहे का ते पाहा. सोन्याची हवेतली डिप रुंदीला जेमतेम एक अंश असते. किरण स्वतःच अर्धा अंश पसरत असेल, तर डिपच्या तळाशी शेजारच्या कोनांचा उजेड सांडतो. बीम एक्स्पांडरनंतर, म्हणजे किरण रुंद करणाऱ्या लेन्सच्या जोडीनंतर, किरणाचा व्यास मोजा, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोजा. दोन्ही सारखे येईपर्यंत लेन्स मागेपुढे करा.

आकडा कुठला वाचताय?

बीके-७ काचेचा प्रिझम, सोनं, लाल लेझर, बाहेर हवा: डिप सुमारे ४३.६ अंशांना येते. हा कोन काचेच्या आतला आहे. गोनिओमीटर, म्हणजे कोन फिरवून मोजायची बैठक, दाखवतो तो बाहेरचा. अर्धगोल दंडगोल प्रिझम असेल तर दोन्ही सारखेच. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ६० अंशांचा प्रिझम असतो, त्यात शिरताना किरण वाकतो, आणि बाहेरून मोजला तर तोच कोन ३४.८ च्या जवळ येतो. मुलं ४३ ते ४५ मध्ये तासभर चाळत बसतात आणि डिप बिचारी नऊ अंश मागे.

म्हणून आधी क्रांतिक कोन शोधा, म्हणजे ज्याच्या पुढे काचेतला प्रकाश बाहेर न जाता पूर्ण परत फिरतो तो कोन. सोनं चढवताना स्लाइड जिथे क्लिपने धरली होती, तिथे कडेला कोऱ्या काचेची चिंचोळी पट्टी राहिलेली असते. किरण त्या पट्टीवर आणा. ४१.३ अंशांना, म्हणजे ६० अंशांच्या प्रिझममध्ये बाहेरून सुमारे ३०.९ ला, परतीचा प्रकाश एकदम भडकतो. सोन्यावर हा टप्पा पुसट असतो, कारण सोनं त्याच्या आधीही आरशासारखं चमकतंच, त्यामुळे ही कोरी पट्टी लाखमोलाची. तो टप्पा सापडला की तिथून बाहेरच्या मोजमापाने चारेक अंश पुढे जा. डिप तिथेच हवी.

पाण्याचा सेल लावला असेल तर हिशोबच बदलतो. डिप बीके-७ मध्ये ७२ अंशांच्या आसपास जाते, किरण स्लाइडला जवळपास घासत येतो आणि ६० अंशांच्या प्रिझमने ते निभावणं कठीण होतं. त्यासाठी आम्ही जास्त अपवर्तनांकाचा, एसएफ-१० काचेचा प्रिझम ठेवतो. त्यात पाण्याची डिप ५७ च्या जवळ आणि हवेची ३७.४ ला येते. हे दोन्ही प्रिझम खणात शेजारी ठेवले तर दिसायला जुळे. हातात घेतले की कळतं, एसएफ-१० स्पष्ट जड लागतो. आमच्याकडे आता प्रत्येकाच्या डबीवर नाव लिहिलंय.

स्लाइड उलटी तर नाही?

विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. सोन्याची बाजू प्रिझमकडे आली तर सोन्याला दोन्हीकडून काच आणि तेल मिळतं, हवा मिळत नाही. डिप येणं शक्यच नाही, फक्त छान आरसा मिळतो.

ओळखायचं कसं? टूथपिकचं टोक पृष्ठाजवळ न्या, टेकवू नका. सोन्याची बाजू असेल तर टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडायला येतात. काचेची बाजू असेल तर दोघांत काचेच्या जाडीमुळे फट राहते. खात्री हवी असेल तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून अगदी कोपऱ्यात दोन्ही प्रोब अलगद टेकवा. बीप वाजला तर सोनं. मध्यभागी प्रोब लावलात तर तो ओरखडा प्रत्येक चित्रात दिसेल.

तेल

माझ्या हिशोबात सगळ्यात जास्त बिघाड तेलाचे. प्रिझम आणि स्लाइड यांच्यामध्ये आपण मायक्रोस्कोपचं इमर्शन ऑइल घालतो, अपवर्तनांक १.५१५ च्या जवळपास, म्हणजे काचेइतकाच. प्रकाशाला मध्ये सांधा जाणवू नये हा हेतू.

त्यात हवेचा बुडबुडा राहिला की काय होतं ते नीट समजून घ्या. लहर जागी व्हायला प्रकाशाच्या तरंग-सदिशाचा (लहरी किती दाट आहेत आणि कुठल्या दिशेला जातात ते सांगणाऱ्या राशीचा) पृष्ठाला समांतर घटक हवेतल्यापेक्षा जास्त लागतो, सोन्या-हवेसाठी सुमारे १.०५ पट. बुडबुड्यात हवाच असते. एवढ्या तिरक्या प्रकाशाला ती हवा ओलांडताच येत नाही, तो प्रिझमच्या तळावरूनच पूर्ण परत फिरतो. सोन्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून बुडबुड्याची जागा कुठल्याही कोनाला, कुठल्याही पोलरायझेशनला उजळच राहते. लक्षणांतला तो हट्टी चमकता ठिपका हाच. ठिपका गोल आणि कडा रेखीव असेल तर शंकाच नको.

बुडबुडा टाळायची रीत: प्रिझमचा तळ आयसोप्रोपेनॉलमध्ये भिजवलेल्या लेन्स टिश्यूने एकाच दिशेला ओढून पुसा. मोहरीच्या दाण्याएवढा थेंब मध्यभागी ठेवा. स्लाइड सपाट टाकू नका. पुरी कढईत सोडताना एका कडेनं सोडतो, तशी स्लाइड एका कडेला टेकवून हळूहळू झुकवा. तेल पुढे सरकत जातं आणि हवा त्याच्यापुढे पळते. मग दोन मिनिटं हात लावू नका. दाबलंत तर तेल कडेने बाहेर येतं.

आणि बाहेर आलेलं तेल सोन्यावर चढलं तर दुसरंच संकट. तेलाखालच्या सोन्यावरची लहर जुळवायला सुमारे १.६९ इतका घटक लागतो. १.५१५ ची काच तेवढा कधीच देऊ शकत नाही. त्या भागातली डिप कोणत्याही कोनाला दिसणार नाही. कडेकडून आत येणारा, लाटेसारखी कड असलेला डिपहीन भाग दिसला की स्लाइड काढा आणि तेल कुठवर चढलंय ते तिरक्या उजेडात पाहा. सोनं पुसू नका. टिश्यूने पुसलेल्या सोन्यावर केसासारखे ओरखडे उठतात आणि ते कायमचे. ॲसिटोनने धुवा, लगेच आयसोप्रोपेनॉलने धुवा, नायट्रोजनने किंवा रबरी ब्लोअरने वाळवा. ॲसिटोन स्लाइडवरच वाळू दिलंत तर डाग राहतो.

चित्र हळूहळू खाली उतरत असेल तर तेही तेलाचंच काम. प्रिझमचा तळ उभा असेल तर स्लाइड तेलावरून घसरते. घसरण इतकी संथ असते की डोळ्याला दिसत नाही, पण चित्रात ओळखीचा ठिपका दोन तासांत पडद्याच्या खाली गेलेला असतो. खाली छोटा आधार द्या. क्लिप आवळून बसवू नका, स्लाइड वाकते आणि डिप एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी होते.

पावसाळा आणि खाडी

डिप जागा सोडते ही तक्रार मे महिन्यात क्वचित येते, जुलैत रोज. दोन वर्षं मला उलगडा होत नव्हता. उलगडला तो आमच्या लॅबच्या मामांना. सकाळी लॅब उघडल्यावर त्यांनी हाक मारली, "मॅडम, काचेला घाम आलाय बघा." प्रिझमच्या धातूच्या बैठकीवर बारीक दव होतं. एसी रात्रभर २० वर चालू राहिला होता, त्याची झडप थेट टेबलाकडे वळलेली. जुलैत आपल्याकडे हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या घरात असतो. त्याहून थंड झालेल्या कुठल्याही वस्तूला बाहेरची हवा लागली की तिच्यावर पाणी धरणारच. दार उघडलं, कॉरिडॉरची दमट हवा आत आली आणि थंड सोन्यावर बसली. श्वासाची परीक्षा आठवा. इथे तो श्वास खुद्द पावसाळा सोडतो, आणि तासभर सोडत राहतो.

तेव्हापासून एसी २६ वर असतो, झडप भिंतीकडे. फ्रीजमधून किंवा थंड खोलीतून आणलेली डबी टेबलावर अर्धा तास बंदच ठेवायची, मग उघडायची. डेसिकेटरमधल्या, म्हणजे स्लाइड्स कोरड्या ठेवायच्या बंद भांड्यातल्या, सिलिका जेलचा रंग रोज बघायचा. निळी जेल गुलाबी झाली म्हणजे तिच्यात पाणी भरलंय. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना तापवली की पुन्हा निळी होते, खर्च शून्य.

पाण्याच्या सेलमध्ये काम करणाऱ्यांनी तापमान वहीत लिहायलाच हवं. पाण्याचा अपवर्तनांक एका अंशाला साधारण ०.०००१ ने बदलतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आपण डिपच्या उतारावर उभे राहून उजेडातले बारीक फरक मोजतोय, त्यात हा फरक दिसतो. लेझरलाही चालू केल्यापासून अर्धा तास द्या. तोवर त्याचा उजेड वरखाली होत असतो आणि खापर डिपवर फुटतं.

चांदीचं वेगळं सांगते, कारण दरवर्षी कोणाला तरी चांदीची फिल्म करायची असते. हौस रास्त आहे. चांदीची डिप अरुंद आणि तीक्ष्ण, लहर पृष्ठावर जास्त लांब जाते, चित्र देखणं येतं. पण आमच्या खिडक्या ठाणे खाडीकडे उघडतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. चांदीचे पैंजण नुसते कपाटात पडूनही काळे पडतात, ते हवेतल्या गंधकामुळे. इथे तर फिल्म अवघी ५० नॅनोमीटरची. वरच्या काही नॅनोमीटरचं सल्फाइड झालं की डिप सरकते, रुंद होते, उथळ होते. चांदी वापरायचीच असेल तर खिडक्या बंद ठेवा, फिल्म चढवली त्याच दिवशी चित्रं घ्या, उरलेला वेळ ती हवाबंद डब्यात. काळवंडलेली चांदीची फिल्म दागिन्यांसारखी घासून परत येत नाही.

वलयं आणि रेषा

लेझरचा प्रकाश फार शिस्तीचा. जिथे दोन पृष्ठांवरून परततो तिथे दोन्ही लहरी एकमेकींत मिसळून उजेड-अंधाराच्या, म्हणजे व्यतिकरणाच्या, रेषा काढतो. कुठल्या पृष्ठामुळे, हे हलवून कळतं. कॅमेरा किंचित फिरवा, रेषा त्याच्यासोबत फिरल्या तर सेन्सरवरच्या काचेचा प्रश्न. स्लाइड सरकवा, रेषा सरकल्या तर स्लाइड-तेलाच्या सांध्याचा. लेन्स फिरवा, वलयं फिरली तर लेन्सवरची धूळ. सगळं पुसूनही राहिल्या, तर लेझर बाजूला ठेवून लाल एलईडी आणि अरुंद, १० नॅनोमीटरचा फिल्टर वापरा. डिप किंचित रुंद होते, चित्र मात्र दुधासारखं स्वच्छ येतं. एलईडी लॅमिंग्टन रोडला मिळतो. महाग असतो तो फिल्टर.

आता फिल्म

इथवर येऊनही डिप करडीच असेल, तर आता फिल्मकडे वळायला हरकत नाही. स्लाइड खिडकीच्या उजेडासमोर धरा. ५० नॅनोमीटरच्या सोन्यातून उजेड निळसर-हिरवा झिरपतो. माहितीतली चांगली स्लाइड शेजारी धरून तुलना करा. फार फिकी दिसली तर थर पातळ, डिप रुंद आणि उथळ होते, कारण लहरीतला प्रकाश प्रिझमकडे फार पटकन परत गळतो. जवळपास अपारदर्शक दिसली तर थर जाड, प्रकाश पलीकडच्या पृष्ठापर्यंत पुरेसा पोचतच नाही आणि डिप पुन्हा उथळ. डिप पूर्ण काळी व्हायला आत शिरणारा आणि सोन्यात जिरणारा प्रकाश यांचं गणित जुळावं लागतं, आणि ते ५० च्या आसपासच जुळतं.

सोनं काचेला धरून राहावं म्हणून खाली क्रोमियमचा किंवा टायटॅनियमचा थर देतात, तो दोन-तीन नॅनोमीटरचाच हवा. क्रोमियम प्रकाश अधाशासारखा शोषतं. एका वर्षी आलेल्या साऱ्या स्लाइड्सची डिप रुंद होती, पुढे कळलं की क्रोमियम दहाच्या घरात गेलं होतं. अशी स्लाइड कशानेही सुधारत नाही, ती परत करायची. चित्रात पोपडे किंवा कडेला सुरकुत्या असतील तर कोपऱ्यावर चिकटपट्टी लावून ओढा. सोनं पट्टीसोबत निघालं तर चिकटण्याचा थर कमी पडलाय किंवा काच नीट धुतलेली नव्हती.

कडा फराटलेल्या, पण बिघाड नाही

बाणाच्या टोकासारख्या दिसणाऱ्या कडा बघून मुलं तासन् तास फोकस करत बसतात. लाल प्रकाशात सोन्यावरची लहर साधारण १० मायक्रोमीटर जाते आणि विझते. चित्रातली कड तेवढी ओघळणारच, लेन्स कितीही चांगली आणा. परीक्षा सोपी आहे: स्लाइड ९० अंश फिरवून परत लावा. ओघळ किरणाच्याच दिशेला राहिला तर तो लहरीचा स्वभाव. स्लाइडसोबत फिरला तर फिल्मवरचा खरा डाग.

तसंच, गोल ठिपके लंबगोल दिसतात कारण आपण पृष्ठ तिरकं बघतोय. हवेतल्या डिपला ते एका दिशेने सुमारे ०.७ पट आकसतात. पट्टीने मोजून दुरुस्ती करा, प्रिझम हलवू नका.

इथे थांबा

लेझर पेटत नाही, लुकलुकतो, किंवा पॉवर सप्लायमधून चरचर येते: प्लग काढा आणि सर्व्हिस इंजिनिअरला फोन करा. हेलियम-निऑनची नळी पेटवायला हजारो व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो. स्क्रूड्रायव्हर घेऊन तो डबा उघडायचा नाही, कितीही सबमिशन जवळ आलं तरी.

सोनं साफ करायला सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वापरतात असं वाचलं असेल. आमच्यासारख्या ऑप्टिक्सच्या खोलीत ते करायचं नाही. ते तापतं, उसळतं, आणि ॲसिटोनचा अंश राहिला असेल तर स्फोट होतो. फ्यूम हूड आणि रसायनशास्त्राचा प्रशिक्षित माणूस नसेल तर ती स्लाइड सोडून द्या. व्हॅक्यूम कोटिंग मशीनचं झाकण, पंप, इलेक्ट्रॉन गन यांनाही तंत्रज्ञाशिवाय हात नको.

आणि वरच्या सगळ्या पायऱ्या होऊन, तीन वेगवेगळ्या स्लाइड्सवर, कार्डाच्या परीक्षेतही रेघ आलीच नाही, तर थर खरोखर काय आहे ते मोजून घ्यावं लागेल. जाडीसाठी एलिप्सोमीटर, खडबडीतपणासाठी एएफएम, म्हणजे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. पवईच्या आयआयटीत बाहेरच्यांसाठी उपकरणं खुली करणारी सैफ ही सोय आहे. कोणतं मोजमाप मिळतं ते आधी विचारा, नोंदणी करा, मग ऐरोली पुलावरून निघा. जाताना दोन स्लाइड्स न्या, एक बिघडलेली आणि एक चांगली चालणारी, दोन्ही कधीच तेल न लागलेल्या. सोन्याची बाजू कुठली ते डबीवर लिहा, आणि थर कधी, कुठल्या मशीनवर, मॉनिटरने किती जाडी दाखवून चढवला होता त्याची चिठ्ठी सोबत ठेवा. तिथल्या ऑपरेटरचा पहिला प्रश्न तोच असतो.